राजा हे हुद्द्याचं नाव: मध्ययुगीन युरोपात सत्तेचा उगम आणि तिची हद्द

प्रश्न थोडक्यात असा आहे: “मध्ययुगीन युरोपात राजाची सत्ता देवाकडून येते असं मानत. मग त्या सत्तेला मर्यादा आहे असं त्या काळात कुणी कसं म्हणू शकेल? करार, लोकांची संमती, राजाला हटवण्याचा हक्क हे सगळं तर हॉब्ज आणि लॉक या 17व्या शतकातल्या इंग्लिश विचारवंतांपासून सुरू होतं ना?”

एम.ए.च्या वर्गाला पाश्चात्त्य राजकीय विचार शिकवायला लागून मला 28 वर्षं झाली, आणि हा प्रश्न आला नाही असं एकही वर्ष आठवत नाही. यात विद्यार्थ्यांचा दोष नाही. आपल्या क्रमिक पुस्तकांत राज्याच्या उत्पत्तीचे सिद्धांत ओळीनं मांडलेले असतात: आधी दैवी सिद्धांत, मग शक्तिसिद्धांत, मग सामाजिक करार. वाचणाऱ्याला तो काळाचाच क्रम वाटतो. शिवाय ‘नाविष्णुः पृथिवीपतिः’ हे वचन आपल्या कानावरून कधी ना कधी गेलेलं असतं, त्यामुळे तिकडचा राजाही देवाचा अंश असणार असं आपण धरून चालतो.

माझं उत्तर असं की सत्ता देवाकडून येते असं मानत होते, म्हणूनच तिला हद्द होती. कुणी काही सोपवलं की ते कशासाठी सोपवलं हेही त्याबरोबर येतं. राजाच्या सत्तेला हद्द आहे याबद्दल मध्ययुगातल्या बहुतेक लेखकांचं एकमत होतं. त्यांचं भांडण पुढच्या गोष्टीवर होतं: हद्द ओलांडली हे ठरवायचं कुणी, आणि ठरल्यावर राजाचा हात धरायचा कुणी? हा धागा पकडून वाचलंत तर 11व्या शतकातल्या पोप ग्रेगरीपासून 14व्या शतकातल्या मार्सिलिओपर्यंत सगळी मंडळी एकाच खोलीत बसून वाद घालत आहेत असं वाटेल. नाही तर ती नुसती नावांची यादी राहते.

मुळात बायबलमध्येच दोन वाक्यं आहेत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 13व्या अध्यायात पौल म्हणतो की देवापासून नाही असा अधिकारच नाही. आणि प्रेषितांच्या कृत्यांत पेत्र न्यायसभेसमोर उभा राहून म्हणतो की माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. पुढची हजार वर्षं कोणत्याही बाजूचा लेखक या दोनांपैकी एक वाक्य हातात घेऊन उभा असतो. त्यात पाचव्या शतकातल्या बिशप ऑगस्टिननं आपली भर घातली: न्याय काढून घेतला तर राज्यं म्हणजे मोठ्या दरोडेखोर टोळ्यांखेरीज दुसरं काय? सातव्या शतकात स्पेनमधल्या सेव्हिलच्या बिशप इसिडोरनं एक जुनी म्हण नोंदवून ठेवली, ‘नीट वागशील तर राजा राहशील, नाही वागलास तर राहणार नाहीस.’ लॅटिनमध्ये ‘राजा’ आणि ‘नीट’ हे शब्द एकाच धातूपासून आलेले आहेत, त्यावरचा हा खेळ आहे. पण वादात तो फार गंभीरपणे वापरला गेला. पोप गेलासिअसनं 494 साली सम्राट अनास्तासिअसला लिहिलेलं पत्रही याच शिदोरीतलं. हे जग दोघं चालवतात, धर्मगुरूंचा पवित्र अधिकार आणि राजाची सत्ता, असं त्यात आहे. दोघं म्हटलं की एकाच्या हद्दीपाशी दुसरा उभा असतो. पाश्चात्त्य राजकीय विचारातली मर्यादेची कल्पना बऱ्याच अंशी या ‘दोघं’मधून वाढली, असं माझं ठाम मत आहे.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो, कारण खरं शिकायला मिळतं ते इथे. 1075च्या सुमारास जर्मनीचा राजा हेन्री चौथा आणि पोप ग्रेगरी सातवा यांचं बिशपांच्या नेमणुकीवरून बिनसलं. हा वाद धर्मापुरता नव्हता. जर्मनीत बिशपांकडे जमिनी होत्या, किल्ले होते, सैन्य होतं. राजाचा कारभार त्यांच्याच जोरावर चालायचा. बिशप कुणाचा, तर राज्य कुणाचं, असा हा प्रश्न होता. 1076च्या जानेवारीत हेन्रीनं पोपला पत्र धाडलं. त्याची सुरुवातच अशी: बळकावून नव्हे तर देवाच्या पवित्र योजनेनं राजा झालेल्या हेन्रीकडून, आता पोप न राहिलेल्या खोट्या मठवासी हिल्डेब्रँडला. (हिल्डेब्रँड हे ग्रेगरीचं आधीचं नाव.) त्याच काळात त्यानं लिहिलं की माझा न्याय फक्त देव करील, कोणत्याही गुन्ह्यासाठी मला पदावरून काढता येणार नाही. विद्यार्थी इथवर वाचून थांबतात आणि म्हणतात, बघा, दैवी सिद्धांत. पण वाक्य अजून संपलेलं नाही. पुढे आहे: ‘मी श्रद्धेपासून ढळलो नसेन तर.’ म्हणजे देवाखेरीज कुणाला जुमानत नाही म्हणणारा राजासुद्धा एक फट मोकळी ठेवतो. आणि श्रद्धेपासून ढळला की नाही, हे सांगणार कोण?

ग्रेगरीनं तीच फट धरली. फेब्रुवारी 1076मध्ये त्यानं हेन्रीला धर्मबहिष्कृत केलं, राज्यकारभार करायला मनाई केली आणि प्रजेला त्याच्या निष्ठेच्या शपथेतून मोकळं केलं. शपथेतून मोकळं करणं ही त्या काळात कागदावरची गोष्ट नव्हती. सरदार राजाला बांधलेला असे तो शपथेनं. शपथ सुटली की तलवार कुणासाठी उपसायची हे त्याचं त्यानं ठरवायचं. हेन्रीवर आधीच रागावलेल्या सॅक्सन आणि इतर जर्मन सरदारांनी संधी साधली आणि राजाला मुदत घातली: पोपकडून बहिष्कार उठवून आण, नाही तर आम्ही तुला राजा मानणार नाही. म्हणून 1077च्या जानेवारीत, ऐन हिवाळ्यात, हेन्री आल्प्स ओलांडून कानोसाच्या किल्ल्यापाशी गेला. किल्ला टस्कनीच्या मातिल्दाचा होता आणि पोप आत मुक्कामाला होता. तीन दिवस राजा दाराबाहेर अनवाणी, लोकरीच्या साध्या कपड्यात उभा राहिला, तेव्हा क्षमा मिळाली. पण सरदारांनी तरीही मार्चमध्ये फोर्खहाइमला जमून रुडॉल्फ नावाचा दुसरा राजा निवडला, आणि राजपद वंशपरंपरेनं नव्हे तर निवडीनं मिळतं असं जाहीर केलं. ही गोष्ट 1077 सालची आहे, हे माझ्या वर्गातल्या मुलांना मी दोनदा सांगतो.

1081 साली ग्रेगरीनं मेट्झच्या बिशपला, हेर्मानला, लांबलचक पत्र लिहिलं. राजे आले कुठून, असं त्यात तो विचारतो आणि स्वतःच सांगतो: देवाला न ओळखणाऱ्या, गर्व, लुटालूट, दगाबाजी आणि खून यांच्या बळावर आपल्याच बरोबरीच्या माणसांवर मालकी गाजवू पाहणाऱ्या लोकांपासून, आणि त्यांना फूस होती सैतानाची. पुस्तकातला ‘शक्तिसिद्धांत’ तो हाच, आणि तो पोपच्या लेखणीतून उतरला आहे. ‘आपल्याच बरोबरीच्या माणसांवर’ हे शब्द विसरू नका. माणसं मुळात सारखी आहेत हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

याच बाजूचा एक साधा मठवासी, अल्सेसमधल्या लाउटेनबाखचा मानेगोल्ड, यानं 1085च्या आसपास पोपच्या समर्थनार्थ एक पुस्तिका लिहिली. मला सगळ्या मध्ययुगीन राजकीय लेखनात तिच्यातला एक उतारा सर्वांत जवळचा वाटतो. तो म्हणतो, राजा हे निसर्गानं दिलेलं नाव नाही. बिशप, पुरोहित, डीकन ही जशी हुद्द्यांची नावं, तसंच हेही हुद्द्याचं नाव. लोकांनी एकाला आपल्यावर नेमलं ते इतरांच्या जुलमापासून राखण्यासाठी. तोच जुलूम करू लागला तर करार त्यानंच मोडला आणि लोक मोकळे झाले. मग दाखला देतो: समजा, एखाद्यानं आपली डुकरं राखायला ठरावीक मजुरीवर माणूस ठेवला, आणि नंतर कळलं की तो डुकरं राखत तर नाहीच, उलट चोरतो, मारतो, हरवतो. मालक त्याची मजुरी अडवून त्याला अपमान करून हाकलून देणार नाही का?

काही वर्षांपूर्वी हा उतारा वर्गात वाचून दाखवला, तेव्हा शेतकरी घरातली एक मुलगी पटकन म्हणाली, “म्हणजे सर, सालगडीच की!” मला याहून चांगलं भाषांतर कधी सुचलं नव्हतं. पाडव्याला बोली होते, वर्षाचं धान्य-पैसे ठरतात, काम ठरतं. काम नीट नसेल तर बोली मोडते. मी खूश होऊन पुढे जाणार, तोच ती म्हणाली, “पण सालगड्याला मालक काढतो. इथे मालक कोण?”

तो तास मी त्या प्रश्नावरच संपवला, आणि त्यानंतर हा विषय शिकवण्याची माझी पद्धतच बदलली. मानेगोल्डकडे त्याचं उत्तर अर्धंच आहे. ‘लोक’ असं तो म्हणतो, पण त्याच्या डोळ्यांसमोर आहेत ते सरदार. आणि करार मोडला हे जाहीर करायला त्याला पोप लागतोच. त्याला लोकशाहीवादी ठरवायची घाई करू नका. आणखी एक पाहा: देव, बळ आणि करार हे तिन्ही ‘सिद्धांत’ एकाच भांडणात, दहा वर्षांच्या आत, मांडले गेले. बळाचा आणि कराराचा तर एकाच पक्षानं मांडला. क्रमिक पुस्तकातली ती ओळ इथे कोलमडते.

मालक कोण, या प्रश्नाला दुसरीकडून तोंड फुटलं ते इटलीतल्या बोलोन्यात. सहाव्या शतकातला सम्राट जस्टिनियन याची रोमन कायद्याची संहिता तिथे 11व्या शतकाच्या अखेरीपासून पुन्हा अभ्यासली जाऊ लागली. तिच्यात उल्पियन या रोमन कायदेपंडिताचं प्रसिद्ध वचन आहे: राजाला जे रुचतं त्याला कायद्याचं बळ असतं. हे वाक्य निरंकुश सत्तेचा पुरावा म्हणून सर्रास उद्धृत होतं, पण त्याच वाक्यात पुढे कारण दिलेलं आहे: कारण लोकांनी आपली सारी सत्ता त्याच्या स्वाधीन केली. मग कायदेपंडितांत वाद पेटला. लोकांनी सत्ता कायमची देऊन टाकली, की वापरायला दिली? दानपत्र की मुखत्यारपत्र, असं आपण म्हणू. 1200च्या सुमाराचा अझो नावाचा मोठा भाष्यकार म्हणाला की सम्राट एकेकट्या माणसापेक्षा मोठा, पण सगळ्या लोकांच्या समुदायापेक्षा मोठा नाही. त्याच संहितेत 429 सालचं एक फर्मान आहे, त्यात सम्राट स्वतःच म्हणतो की आपण कायद्यानं बांधलेले आहोत असं कबूल करणं राज्यकर्त्याला शोभतं. एकच ग्रंथ दोन्ही पक्षांना दारूगोळा पुरवत होता.

जॉन ऑफ सॅलिसबरीचं 1159 सालचं ‘पॉलिक्रातिकुस’ परीक्षेत हमखास येतं. राज्य म्हणजे शरीर, राजा डोकं, पुरोहित आत्मा, खजिनदार पोट, शेतकरी पाय, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच पुस्तकात जुलमी राजाला मारणं रास्त ठरू शकतं असंही आहे, ते मात्र कुणी लिहीत नाही. तेवढं लिहा आणि पुढे चला.

इंग्लंडकडे आलो की प्रश्न एकदम जमिनीवर येतो. जून 1215मध्ये, टेम्सकाठच्या रनिमीडच्या कुरणात, किंग जॉननं बंडखोर सरदारांसमोर मॅग्ना कार्टा ही हक्कांची सनद मान्य केली. त्यातलं 39वं कलम सर्वांना माहीत असतं: कायदेशीर निवाड्याशिवाय कुणाही मुक्त माणसाला पकडायचं नाही, त्याची मालमत्ता घ्यायची नाही. पण आपल्या विषयासाठी खरं कलम 61वं आहे. ते नीट वाचा. सरदारांनी आपल्यातले 25 जण निवडायचे. राजानं किंवा त्याच्या अंमलदारानं सनद मोडली तर त्या 25 पैकी चौघांनी राजाकडे जाऊन तक्रार सांगायची. 40 दिवसांत राजानं ती निस्तरली नाही तर त्या 25 जणांनी, देशातल्या सगळ्या लोकांना बरोबर घेऊन, राजाचे किल्ले, जमिनी, मालमत्ता जप्त करायच्या. राजा, राणी आणि त्यांची मुलं यांच्या अंगाला मात्र हात लावायचा नाही. तक्रार मिटली की पुन्हा पहिल्यासारखं राजाचं ऐकायचं.

म्हणजे राजावरच जप्ती! कर्ज थकवलेल्या कुळावर जी कारवाई व्हायची तीच, मुदतीसकट, राज्याच्या मालकावर. राजाचा जीव राखला, पद राखलं आणि तरीही हात धरला. मालक कोण, या प्रश्नाला इथे माणसं मोजून उत्तर दिलेलं आहे: पंचवीस. मला ही रचना थक्क करते, कारण त्यात भव्य तत्त्वज्ञान काही नाही; गावातला भांडणतंटा मिटवताना माणसं जसा विचार करतात तसा तो आहे.

ते टिकलं नाही, हेही सांगायला हवं. जॉननं पोप इनोसंट तिसरा याच्याकडे धाव घेतली. दोनच वर्षांपूर्वी त्यानं आपलं राज्य पोपच्या पायाशी ठेवून परत जहागिरीसारखं घेतलं होतं, त्यामुळे पोप आता त्याचा धनी होता. 24 ऑगस्ट 1215 रोजी पोपनं सनद रद्द केली. युद्ध पेटलं. पुढच्या वर्षी जॉन मेला, त्याच्या नऊ वर्षांच्या मुलाच्या नावानं सनद पुन्हा काढली गेली, पण 61वं कलम त्यातून गाळलं. ज्या पोपपदानं हेन्रीच्या प्रजेला शपथेतून सोडवलं, त्याच पोपपदानं 140 वर्षांच्या आत जॉनला त्याच्या शपथेतून सोडवलं. पोपला पंच केलं की असंही होतं.

ब्रॅक्टनच्या नावानं ओळखला जाणारा इंग्लिश कायद्याचा ग्रंथ याच शतकातला. त्यातलं वाक्य: राजा कुणा माणसाखाली नसावा, पण देवाखाली आणि कायद्याखाली असावा, कारण कायदाच राजाला राजा करतो. याच ग्रंथात आणखी एक मजकूर आहे. राजाच्या वर देव आहे, कायदा आहे आणि त्याचा दरबारही आहे. राजाला लगाम नसेल, तर दरबारातल्या सरदारांनी तो घालावा. हा मजकूर मूळचा की नंतर घुसडलेला, यावर अभ्यासक आजही भांडतात, कारण ग्रंथातच दुसरीकडे याच्या उलट सूर आहे. हे लगामाचं वाक्य लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

1260च्या दशकात ॲरिस्टॉटलचं ‘पॉलिटिक्स’ लॅटिनमध्ये आलं. माणूस स्वभावानंच राजकीय प्राणी असेल, तर राज्य म्हणजे पापाची शिक्षा किंवा सैतानाची करामत राहत नाही. ते माणसाच्या नैसर्गिक गरजेतून उगवतं. हा मोठा पालट थॉमस अक्विनास या धर्मपंडितानं ख्रिस्ती विचारात नीट बसवला. पण हद्दीच्या प्रश्नावर तो फार सावध आहे. राजपदावर लिहिलेल्या छोट्या ग्रंथात तो सिराक्यूजच्या एका म्हातारीची जुनी गोष्ट सांगतो. जुलमी राजा डायोनिसिअस मरावा असं सगळं गाव म्हणत असताना ही रोज त्याच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना करायची. राजानं कारण विचारलं. ती म्हणाली, मी मुलगी होते तेव्हा एक जुलमी होता, तो मरावा असं वाटायचं. तो मारला गेला, तर त्याहून वाईट आला. तोही जावा असं वाटलं, तर तू आलास, त्याच्याहून कठोर. तू गेलास तर येणारा आणखी वाईट असेल. आगीतून फुफाट्यात, हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

अक्विनास यातून मुकाट सोसा असं म्हणत नाही. तो तीन पायऱ्या सांगतो. राजा नेमण्याचा हक्क लोकांचा असेल, तर त्यांनीच त्याला हटवावं किंवा त्याची सत्ता कमी करावी. त्याच्याशी कायमची बांधिलकी कबूल केलेली असली तरी त्यात अन्याय नाही, कारण करार पाळायची पात्रता त्यानंच गमावली. नेमण्याचा हक्क कुणा वरिष्ठाचा असेल, तर त्याच्याकडे दाद मागावी. दोन्ही नसेल तर देवाकडे. मात्र एकट्यादुकट्यानं स्वतःच्या मनानं राजाचा जीव घेऊ नये. करायचं ते सार्वजनिक अधिकारानं. सालगड्याला हाकलायचं तर ज्यानं ठेवला त्यानं, असंच हे झालं.

1302च्या आसपासचा वाद नीट वाचण्यासारखा आहे, पण इथे आटोपता घेतो. फ्रान्सच्या फिलिप चौथ्यानं धर्मसंस्थेवर कर लावले, पोप बोनिफेस आठवा आडवा आला. नोव्हेंबर 1302मध्ये त्यानं जाहीर केलं की मुक्तीसाठी प्रत्येक माणसानं पोपच्या अधीन असणं आवश्यक आहे. पुढच्या सप्टेंबरात फिलिपच्या माणसांनी अनान्यीला त्याला धरलं, आणि सुटका होऊनही महिन्याभरात तो मेला. या धुमश्चक्रीत जॉन ऑफ पॅरिस या डॉमिनिकन साधूनं दोन गोष्टी मांडल्या. राजाची सत्ता देवाकडून येते आणि राजाला किंवा त्याच्या घराण्याला निवडणाऱ्या लोकांकडूनही येते; दोन्ही एकदम. आणि सामान्य माणसाची मालमत्ता त्याच्या स्वतःच्या कष्टातून आलेली असते, म्हणून तिच्यावर ना पोपची मालकी, ना राजाची. लॉकच्या चारशे वर्षं आधीचं हे वाक्य समोर ठेवलं की वर्गात शांतता पसरते.

मार्सिलिओ ऑफ पादुआ मात्र वेगळ्या जातीचा. वैद्यक शिकलेला, 1313 साली पॅरिस विद्यापीठाचा काही महिने रेक्टर. 1324च्या जूनमध्ये त्याचा ‘डिफेन्सोर पाचिस’, म्हणजे शांततेचा रक्षक, पुरा झाला. मालक कोण, याला त्याचं उत्तर सरळ आहे: कायदा करणारा तो लोकांचा समुदाय, किंवा संख्येनं आणि गुणांनी त्यातला वजनदार भाग. राज्यकर्त्याला नेमणं, सुधारणं, गरज पडली तर काढणं हे त्याच समुदायाचं काम. पोपला दंडाची सत्ता शून्य. त्याच्या ‘नागरिकां’तून बायका, मुलं, गुलाम आणि परके वगळलेले आहेत, हे उत्तरपत्रिकेत लिहायला विसरू नका.

प्रत्यक्षात काय झालं तेही पाहा. लेखक कोण हे उघड झाल्यावर 1326 साली मार्सिलिओला पॅरिस सोडून जर्मनीचा राजा असलेल्या बव्हेरियाच्या लुडविगकडे पळावं लागलं. जानेवारी 1328मध्ये रोममध्ये लुडविगला सम्राटाचा मुकुट पोपच्या हातून न देता रोमन लोकांच्या नावानं दिला गेला. तो देणाऱ्यांत पुढे होता स्कियारा कोलोन्ना, हाच अनान्यीला बोनिफेसवर चालून गेलेला. काही महिन्यांत रोमकरांचं मन फिरलं आणि ऑगस्टमध्ये लुडविगला शहर सोडावं लागलं. कागदावर मालक लोक होते. रोममध्ये होता सम्राट आणि त्याचे शिपाई. मार्सिलिओबद्दल मला आदर आहे, पण त्या 25 सरदारांनी 40 दिवसांची मुदत लिहून जे केलं, ते त्याला जमलं नाही. राज्यकर्त्याला काढायचं तर पहिला माणूस कोणत्या दारावर जाऊन थाप मारणार, हे तो सांगत नाही.

पोपच हद्द ओलांडत असेल तर? 1378पासून दोन पोप, 1409पासून तीन, अशी वेळ आल्यावर कॉन्स्टन्सची धर्मसभा भरली. 6 एप्रिल 1415 रोजी तिनं ठराव केला की सभेला अधिकार थेट ख्रिस्ताकडून आहे आणि श्रद्धा, फूट मिटवणं व सुधारणा या बाबतीत पोपसह सगळे तिला बांधील आहेत. नुसता ठराव करून ती थांबली नाही. दोन पोपांना पदच्युत केलं, एकानं राजीनामा दिला, 1417 साली नवा निवडला. पण याच सभेनं 6 जुलै 1415 रोजी, यान हुस या बोहेमियातल्या धर्मसुधारकाला जाळलं त्याच दिवशी, आणखी एक मत धिक्कारलं: जुलमी राजाला कुणीही प्रजाजन, कोणत्याही न्यायाधीशाची वाट न पाहता, मारू शकतो. ते मत आलं होतं फ्रान्सच्या राजाच्या भावाच्या खुनाचं समर्थन करताना, तेव्हा सभेची चिंता हवेतली नव्हती. हटवायचं ते सभेनं, एकट्याच्या सुऱ्यानं नव्हे. इथे ती अक्विनासच्याच वाटेवर आहे.

एक सावधगिरी. ‘तुमच्याइतकेच थोर असलेले आम्ही तुम्हाला राजा करतो, आमचे हक्क पाळाल तर, नाही तर नाही’ अशी आरागॉनच्या सरदारांची शपथ मध्ययुगीन म्हणून जागोजागी छापलेली दिसते. ती 16व्या शतकात रचलेली आहे. वापरू नका, 61व्या कलमासारखा अस्सल पुरावा हाताशी असताना तिची गरज नाही.

आता प्रश्नातला उरलेला भाग. देवाखेरीज कुणालाही जाब न देणारा राजा मग आला कुठून? तो बराचसा मध्ययुगानंतरचा आहे. धर्मयुद्धांनी पोळलेल्या 16व्या-17व्या शतकांत, एका हातात अखंड सत्ता असल्याशिवाय रक्तपात थांबणार नाही असं वाटू लागलं, तेव्हा त्याला सिद्धांताचं रूप आलं. इंग्लंडचा जेम्स पहिला त्याचा पुरस्कर्ता. न्यायाधीश एडवर्ड कोकनं त्याच्याशी झालेली खडाजंगी स्वतः लिहून ठेवली आहे. खटले मी स्वतः चालवू शकतो असं राजा म्हणत होता. कोकनं नाही म्हटलं. मग मी कायद्याखाली आहे असं होईल, असं म्हणणं म्हणजे राजद्रोह, असं राजा संतापून म्हणाला. कोकनं ब्रॅक्टनचं वाक्य ऐकवलं: राजा माणसाखाली नसावा, पण देवाखाली आणि कायद्याखाली असावा. तेवढंच ऐकवलं. लगामाचं वाक्य त्यानं काढलं नाही.

ते वाक्य जेम्सच्या मुलाला ऐकावं लागलं. 27 जानेवारी 1649 रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये पहिल्या चार्ल्सला शिक्षा सुनावण्याआधी न्यायासनाचा अध्यक्ष जॉन ब्रॅडशॉ लांबलचक बोलला. बोलता बोलता त्यानं ब्रॅक्टन काढला: राजाच्या वर देव आहे, कायदा आहे आणि दरबारही आहे. आणि हाच लेखक आणखी थोडं पुढे जातो असं म्हणून लगाम घालण्याचं ते वाक्य लॅटिनमध्ये म्हणून दाखवलं, आणि सरदारांच्या जुन्या युद्धांची आठवण करून दिली.